केरकचरा आणि सम्यक कर्मान्त



आपण घरोघरी त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. पंचशील हे केवळ म्हणण्यासाठी नसून वागण्यासाठी आहे, हे आपण प्रत्येक प्रवचनात ऐकतो. परंतु वंदना आटोपल्यावर आपल्याच घरात दिवसभर जी एक गोष्ट घडत असते, तिच्याकडे धम्माच्या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो. ती गोष्ट म्हणजे आपल्या घरातून रोज बाहेर पडणारा केरकचरा. दुधाची पिशवी, बिस्किटाचा कागद, शाम्पूची पुडी, भाजीची देठे, उरलेला भात, लहान मुलाचा लंगोट, फुटलेली काचेची बाटली, हे सर्व आपण एका पिशवीत कोंबतो, पिशवीला गाठ मारतो आणि दाराबाहेर टाकतो. टाकले की आपल्या दृष्टीने ते संपले.

ते खरोखर संपते काय? बौद्धाच्या घरातून बाहेर पडलेला केर पुढे कोणाच्या हातात जातो, आणि त्या हाताविषयी आपले काही कर्तव्य आहे की नाही? या पाठात आपल्याला एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

एक रास्त आक्षेप

हा विषय काढला की आपल्यापैकी पुष्कळांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, तो रुचत नाही. ते म्हणतात, "पिढ्यान्‌पिढ्या आम्ही गावाची घाण काढली. मेलेली गुरे ओढली, वेस झाडली, उष्टे-पाष्टे खाल्ले. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून बाहेर काढले. आता पुन्हा आम्हालाच केराच्या गोष्टी कशाला सांगता? ज्यांनी आयुष्यात कधी झाडू धरला नाही, त्यांना सांगा."

हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेबांनी तेथे आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा, स्वाभिमानाने जगा, असे निक्षून सांगितले. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्या तळ्यात गावाची गुरे पाणी पीत होती. त्याने ते बाटत नव्हते. माणसाची ओंजळ लागली तेव्हा मात्र ते बाटले, आणि शेण-गोमूत्राने त्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले. पुढे ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेब अखंड झगडले, ते वतन १९५८ च्या कायद्याने नष्ट झाले. गावकीच्या कामाची कायदेशीर बेडी तुटली. तेव्हा ज्यांच्या अंगावर या बेडीचे वळ आहेत, त्यांना केराचा नुसता उल्लेखही टोचावा, हे स्वाभाविक आहे.

तथापि येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला स्वच्छतेचा तिटकारा करावयास शिकवले नाही. दुसऱ्याने केलेली घाण जन्माच्या आधारावर आपल्या माथी मारली जात होती, ती नाकारावयास त्यांनी शिकवले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे फार स्पष्टपणे मांडले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, या देशात माणूस सफाईचे काम करतो म्हणून सफाईवाला ठरत नाही. तो विशिष्ट जातीत जन्मला म्हणून सफाईवाला ठरतो, मग तो ते काम करो वा न करो.

या विचाराचा दुसरा अर्थ असा होतो की, जातिव्यवस्थेत घाण करणारा शुद्ध राहतो आणि घाण उचलणारा अशुद्ध ठरतो. हे उफराटे गणित ज्या घरात चालते, त्या घरात जात जिवंत आहे. मग त्या घराच्या भिंतीवर तसबीर कोणाचीही असो.

आज आपला केर कोण उचलतो?

पूर्वी आपल्या घरात केरच नव्हता म्हटले तरी चालेल. चुलीतली राख भांडी घासायला जाई, शिळे कोंबड्यांना, फाटके वाकळेत. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी पगार येतो. उर्से, परंदवडी, सोमाटणे, तळेगाव या पट्ट्यात कारखाने आले, द्रुतगती महामार्ग आला, टोलनाका आला. आपली मुले कारखान्यात लागली. भाड्याच्या खोल्यांतून नवी कुटुंबे राहू लागली. घरात दुकानाचा माल येतो आणि प्रत्येक मालाबरोबर एक प्लॅस्टिकचे आवरण येते. ही प्रगती आहे आणि तिचा आपल्याला आनंद आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवी गोष्ट घडली आहे. जे लोक काल दुसऱ्यांचा केर उचलत होते, ते आज स्वतः केर निर्माण करणारे गृहस्थ झाले आहेत.

आणि तो उचलतो कोण? येथून जवळच्या पुणे शहराचे उदाहरण घ्या. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. या कष्टकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतही बहुतेक दलित समाजातील आहेत. कोणी दुष्काळी भागातून आलेली, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी शाळेची पायरीही न चढलेली. कुंडीत हात घालून त्या कागद, काच, पत्रा वेगळा काढत आणि भंगाराच्या दुकानात विकून संसार चालवीत. संघटना झाल्यावर त्यांनी ओळखपत्रे मिळवली. पुढे २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यांनी भीक मागितली नाही. आपल्या श्रमाला मान मागितला. संघटित होण्याचा बाबासाहेबांचा आदेश या भगिनींनी कुंडीच्या काठावर उभे राहून पाळला, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईकडे पाहा. देवनारची कचराभूमी १९२७ साली सुरू झाली. ज्या वर्षी महाडला पाण्याचा हक्क बजावला गेला, त्याच वर्षी मुंबई शहराने आपली घाण टाकण्यासाठी ही जागा धरली. आज त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते? गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी येथील वस्त्यांतून दलित आणि मुसलमान कष्टकरी राहतात. जानेवारी २०१६ मध्ये त्या कचऱ्याला मोठी आग लागली आणि धूर मुंबईभर पसरला, तेव्हा वृत्तपत्रांना तिची आठवण झाली. पायथ्याच्या लोकांच्या छातीत तो धूर आधीपासूनच होता. पुण्याच्या कचऱ्याचेही तसेच. उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील गावकऱ्यांनी कित्येक वर्षे शहराचा कचरा सोसला, विहिरींचे पाणी नासले, आणि अखेर त्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या.

म्हणजे 'बाहेर टाकले' याचा अर्थ 'दुसऱ्याच्या दारात टाकले' एवढाच असतो. आणि ते दार बहुधा आपल्याच माणसाचे असते. आपण गाठ मारून दिलेली पिशवी ती वेचक भगिनी उघडते. त्यात फुटलेली काच असेल तर तिचा हात कापतो. त्यात वापरलेला सॅनिटरी पॅड उघडाच असेल, तर तिला दुसऱ्याच्या शरीराची घाण बोटांनी बाजूला करावी लागते. हे काम आपल्या आजीच्या कपाळी गावाने लिहिले होते. आता ते दुसऱ्या कोणाच्या आजीच्या कपाळी आपण लिहावयाचे काय? आपल्या धर्मांतराला आज हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

तथागतांचा संघ आणि केर

या बाबतीत धम्माची शिकवण काय आहे?

राजगृह नगरात सुनीत नावाचा झाडूवाला होता. गृहस्थ लोक रस्त्याच्या कडेला जो केर फेकीत, तो झाडून तो पोट भरी. एके दिवशी तथागत भिक्षुसंघासह त्या रस्त्याने आले. सुनीत संकोचून भिंतीला टेकून हात जोडून उभा राहिला. तथागतांनी त्याच्याजवळ जाऊन त्याला संघात येण्याचे आमंत्रण दिले, आणि पुढे तो अर्हतपदाला पोहोचला. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे. आपण ती नेहमी सुनीताच्या बाजूने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण कथेत आणखी काही माणसे आहेत: ते केर फेकणारे गृहस्थ. त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. आज आपण स्वतः गृहस्थ झालो आहोत. सुनीताचा वारसा सांगायचा आणि वागायचे त्या गृहस्थांसारखे, हे आपल्याला शोभेल काय?

दुसरा दाखला विनयातील आहे. एका भिक्षुणीने भिंतीवरून मैला बाहेर फेकला आणि तो खालून जाणाऱ्या एका ब्राह्मणाच्या डोक्यावर पडला. त्यावरून नियम झाला की, कोणत्याही भिक्षुणीने मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टे भिंतीपलीकडे अथवा कुंपणापलीकडे स्वतः फेकू नये, आणि दुसऱ्याकडून फेकवूही नये. हिरव्या पिकावर ते टाकण्यासही मनाई झाली. भिक्षूंनाही पाण्यात वा हिरव्या पिकावर थुंकणे निषिद्ध आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम बारकाईने पाहा. 'दुसऱ्याकडून फेकवूही नये' हे शब्द त्यात मुद्दाम घातले आहेत. मोलकरणीच्या किंवा लहान मुलाच्या हातात पिशवी देऊन "जा, ओढ्यात टाकून ये" असे सांगणाऱ्याची जबाबदारी तथागतांच्या संघात सुटत नव्हती.

तिसरा दाखला आनंदाचा आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की हा श्रमण इतक्या वस्त्रांचे काय करणार? व्यापार मांडणार की काय? त्याने येऊन विचारले. आनंद म्हणाले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्या अंथरुणांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकी फाटली की? ती कुटून चिखलात कालवू आणि त्याने जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. श्रमण काहीही वाया जाऊ देत नाहीत, हे पाहून त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

भगिनींनो, आनंदांचे हे उत्तर तुम्हाला नवे वाटणार नाही. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, वाकळ विरली तेव्हा तिचे पोतेरे झाले, आणि ते पोतेरे शेणा-मातीबरोबर भुईत जिरले. लोक त्याला दारिद्र्य म्हणत. दारिद्र्य तर होतेच, ते लपविण्याचे कारण नाही आणि त्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पण त्यात जी काटकसर आणि जो शहाणपणा होता, तो विनयाच्या कसोटीला उतरणारा आहे. दारिद्र्य टाकावे, शहाणपण टाकू नये.

प्लॅस्टिकचे वेगळेपण

वाकळ मातीत मिसळते, प्लॅस्टिक मिसळत नाही. सर्व अडचण येथेच आहे. भाजीचे देठ दोन-तीन महिन्यांत खत होते. प्लॅस्टिकची पिशवी मात्र उन्हापावसात तुटत जाते, तिचे बारीक बारीक कण होतात, पण माती होत नाही. हे कण माती, पाणी, मासे यांत सापडतात. २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांना ते माणसाच्या रक्तातही आढळले. 'हे असल्याने ते होते', हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण पाठ करतो. त्याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मावळातला पाऊस आपल्या परिचयाचा आहे. पहिल्या मोठ्या सरीत ओढ्यातली प्रत्येक पिशवी वाहू लागते. काही इंद्रायणी भाताच्या खाचरात अडकतात, काही मोऱ्या तुंबवतात, उरलेल्या पवनेला मिळतात. पवना दापोडीला मुळेत जाते, मुळा-मुठा भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. या वाटेवरची किती गावे ते पाणी पितात याचा हिशेब करा. रस्त्यावर टाकलेल्या पिशवीत उष्टे असले तर गाय ते पिशवीसकट गिळते, पिशव्यांचा गोळा तिच्या पोटात साठतो आणि ती तडफडून मरते. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण घेतले आहे. बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. हिंसा हातात सुरी घेऊनच होते असे नाही.

काहीजण म्हणतात, "आम्ही टाकत नाही, जाळून टाकतो." हे तर अधिक वाईट. चूल किंवा बंब पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी घालण्याची सवय अनेक घरांत आहे. तांब्यासाठी वायरी जाळणारी मुलेही दिसतात. वायरीवरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. ते जळताना आम्लाचा झोंबणारा वायू आणि डायऑक्सिनसारखी विषे बाहेर पडतात. चुलीजवळ बसलेली आई आणि तिच्या मांडीवरचे मूल ते सर्वांत आधी ओढून घेतात. चुलीत आणि बंबात प्लॅस्टिक घालायचे नाही, एवढा नियम आजच करावा.

कायदा आणि शील

सरकारने कायदे केले आहेत. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्या, थर्माकोलची ताटे-पेले इत्यादींवर बंदी घालण्यात आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये, आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठरली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरावयाच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचे थर्माकोल यांवर देशभर बंदी घातली. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी दिली.

कायदा असूनही बाजारात पिशवी मिळते, हे आपण पाहतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही. कायद्याचे राज्य आणणारे बाबासाहेबच आपल्याला सांगून गेले की, समाजाच्या सदसद्विवेकाचा पाठिंबा नसेल तर कायदा हक्कांचे रक्षण करू शकत नाही. दंडाच्या भीतीने पाळला जातो तो कायदा, आणि कोणी पाहत नसतानाही पाळले जाते ते शील.

घरात करावयाच्या गोष्टी

१. घरात येतानाच अडवा. जुन्या साडीच्या चार पिशव्या शिवून दाराच्या खुंटीला टांगून ठेवा. दूध गवळ्याकडून किटलीत घ्या. मटण-मासळी आणायला झाकणाचा डबा न्या. काळी पिशवी नको म्हणा. दुकानदार पहिल्या दिवशी हसेल, आठव्या दिवशी स्वतःच डबा मागेल.

२. पुडीपासून सावध राहा. हातावर पोट असलेले कुटुंब एक-दोन रुपयांची पुडी घेते, कारण एकदम मोठी बाटली घेण्याइतका पैसा हातात नसतो. यात त्या कुटुंबाचा दोष नाही. पण निरनिराळे थर चिकटवून केलेली ही पुडी भंगारवालाही घेत नाही. दोन-तीन शेजारणींनी मिळून मोठे पाकीट आणून वाटून घेतले तर पैसाही वाचतो आणि कचराही. गुटख्याच्या पुडीबद्दल तर बोलावयासच नको. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि पाचवे शील घेतलेल्या घरात ती पुडी येण्याचे कारण नाही.

३. ओले आणि सुके एकत्र करू नका. आपल्या केरात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो वेगळा ठेवला की उरलेला कागद, बाटली, पत्रा स्वच्छ राहतो आणि विकता येतो. एकत्र केला की दोन्ही सडतात. दुधाची पिशवी कापताना टोकाचा बारीक तुकडा तोडून टाकू नका, तो पिशवीलाच राहू द्या. पिशवी धुऊन, वाळवून साठवा.

४. ओल्याचे खत करा. अंगण असेल तर दोन हात लांब-रुंद आणि दोन हात खोल खड्डा पुरे. एक थर केर, एक थर पालापाचोळा, वर मूठभर माती. भाड्याच्या खोलीत जागा नसेल तर जुन्या बादलीला किंवा पिंपाला तळाशी भोके पाडून तेच करावे. दोन-तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत खत मिळते. त्यात वंदनेची सुकलेली फुलेही घाला.

५. काच, ब्लेड, पॅड आणि लंगोट उघडे देऊ नका. काच जाड कागदात गुंडाळून वेगळी ठेवा. पॅड आणि लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या भगिनीला तो पुडा उघडावा लागणार नाही. पुण्याच्या 'स्वच्छ' संस्थेच्या भगिनींनीच ही लाल ठिपक्याची विनंती लोकांना केली आहे. शाईच्या एका ठिपक्याने जर दुसऱ्या माणसाची विटंबना टळत असेल, तर त्याहून स्वस्त पुण्यकर्म कोणते?

या पाचही गोष्टींविषयी पुरुषांना एक सांगणे आहे. हे सारे काम घरातल्या बाईवर किंवा मुलीवर ढकलले तर आपण जुनी व्यवस्थाच नव्या नावाने चालू ठेवली असे होईल. गावाने आपल्यावर ढकलले, आपण बायकोवर ढकलले, बायकोने मुलीवर. शाळेत माझ्या वर्गात केर काढण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागते. त्यात मुलगा-मुलगी किंवा आडनाव पाहिले जात नाही, आणि शिक्षकाचीही पाळी असते. घरातही तसाच तक्ता करून भिंतीवर लावावा आणि त्यात कर्त्या पुरुषाचे नाव पहिले असावे.

विहारात आणि जयंतीत

घराइतकाच विचार आपल्या सामुदायिक जीवनाचा केला पाहिजे. १४ एप्रिलची मिरवणूक, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्धपौर्णिमा, लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, या सर्व प्रसंगी भोजन होते. नंतर मैदानावर ताटल्या, पेले, पाण्याच्या बाटल्यांचा खच पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो उचलायला एखादी सफाई कामगार भगिनी येते. तिने आदल्या संध्याकाळी याच मैदानावर आपल्याबरोबर बाबासाहेबांना वंदन केलेले असते. तिच्या वाट्याला हे का यावे?

महिला मंडळाने वर्गणी काढून शंभर स्टीलची ताटे आणि पेले घेतले, तर ते वस्तीतल्या प्रत्येक कार्याला वर्षानुवर्षे पुरतील. ते परवडत नसेल तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी आहेत. पाण्यासाठी पिंप आणि ओगराळे ठेवावे. झेंडे आणि पताका कापडाच्या असाव्यात. चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचा जो प्रघात पडला आहे, तो याच वाटेवरचा आहे. वाहिलेला हार संध्याकाळी केर होतो. दिलेली वही एखाद्या मुलाच्या दप्तरात जाते.

आपण मावळात राहतो हेही विसरू नये. भाजे, कार्ले आणि बेडसे येथील लेणी आपल्या पूर्वजांच्या धम्माचा वारसा आहेत. भाज्याला एका महारठीने आणि बेडशाला सामडिनिका नावाच्या महारठिनीने पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिल्याचे शिलालेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उपासक-उपासिकांनी भिक्षुसंघाला आणि वाटसरूंना स्वच्छ पाणी दिले आणि त्याची नोंद दगडात राहिली. आज सहलीचे लोक त्याच डोंगरांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकून जातात. आपण तेथे वंदनेला गेलो तर घरचे पाणी घरच्या बाटलीत न्यावे आणि येताना आपला एकही कागद मागे ठेवू नये. येथून थोड्याच अंतरावर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी तेथे जाताना हाच नियम पाळावा.

आठवड्याचा अभ्यास

या पाठाचा अभ्यास वाचून पुरा होणार नाही. येत्या सात दिवसांत प्रत्येक कुटुंबाने पुढीलप्रमाणे करून पाहावे. घरात येणारे प्रत्येक प्लॅस्टिक धुऊन एका पोत्यात साठवावे, काहीही टाकू नये. सातव्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून पोते ओतावे आणि तीन वाटे करावेत: जे मुळात आणावयाचेच नव्हते ते, जे पुन्हा वापरता येईल ते, आणि जे भंगारात जाईल ते. कशातच न बसणारे जे उरेल, त्याची मोजणी मुलांकडून करवून वहीत तारखेसह लिहावी. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावे. आकडा खाली आला की नाही, यावरून आपली प्रगती आपल्यालाच कळेल.

त्यानंतर विहारात एकत्र बसून पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

(अ) आपल्या वस्तीतला केर कोण उचलतो? त्या व्यक्तीचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? तिला हातमोजे मिळतात काय, तिची मजुरी वेळेवर मिळते काय?

(आ) भिक्षुणीच्या नियमातील 'दुसऱ्याकडून फेकवूही नये' हे शब्द आपल्या घराला कसे लागू पडतात?

(इ) आपल्या पुढच्या कार्यक्रमात कोणत्या तीन वस्तू वापरावयाच्या नाहीत, आणि त्याऐवजी काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर चर्चा तेथेच थांबवावी आणि उद्या सकाळी घंटागाडी येईल तेव्हा दाराशी उभे राहून त्या व्यक्तीला नाव विचारावे, तिला जयभीम म्हणावे, आणि आपली पिशवी निवडून, वेगळी करून तिच्या हाती द्यावी. चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी जी माणुसकी मिळवली, ती आपल्या हातून दुसऱ्याला मिळते की नाही, हे दाराच्या त्या उंबऱ्यावर रोज सकाळी ठरत असते.

जयभीम! नमो बुद्धाय!